पदरची मिनिटं

विमानाची चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्याच्या दातांवर दात आपटले आणि त्याला एकदम वाटलं, आपण पकडले गेलो. कशात पकडले गेलो ते काही त्याला सांगता आलं नसतं. खिडकीबाहेर पिवळं पडलेलं गवत मागं पळत होतं, मग ते सावकाश पळायला लागलं, आणि हवाई सुंदरीनं जाहीर केलं की आपण ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी पोचलो आहोत. तिचा आवाज असा होता की विमान तिनं स्वतः पुढं होऊन ओढत आणलं असावं. लोकांच्या चेहऱ्यावर फुकटात काहीतरी मिळाल्याचा आनंद पसरला. शेजारचा गृहस्थ सगळा प्रवास तोंड उघडं टाकून झोपला होता, तो डोळे चोळत म्हणाला, "मानलं पाहिजे हं यांना. आजकाल वेळेवर कोण येतं?" त्यानं शेजाऱ्याला मान हलवून होकार दिला. ह्या गृहस्थाला सांगता आलं असतं की बाबा रे, कुणीही घाई केलेली नाही, विमान रोज जेवढ्या वेळात येतं तेवढ्याच वेळात आलंय. ही चाळीस मिनिटं दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या एका टेबलाशी बसून, चहात बिस्किट बुडवता बुडवता मीच तिकिटावर वाढवून ठेवली आहेत. पण हे सांगून काय मिळणार होतं? माणूस खूश होता, त्याला खूश राहू द्यावं.

हीच त्याची नोकरी होती. विमान कंपनीच्या ज्या खोलीत वेळापत्रक तयार होतं त्या खोलीत तो अठरा वर्षं बसत होता आणि दोन शहरांच्या मध्ये किती वेळ लागतो हे ठरवत होता. अंतर ठरवायचं काम त्याच्याकडे नव्हतं. हवेतून नऊशे किलोमीटर म्हणजे नऊशे किलोमीटर, ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. पण वेळेचं तसं नसतं. हवेत दीड तास जातो. मग उड्डाणासाठी रांगेत थांबायचा वेळ, उतरायला परवानगी मिळायचा वेळ, समोरून येणाऱ्या वाऱ्याचा वेळ, हे सगळं त्यात धरावं लागतं, आणि हे सगळं धरून झालं की अजून थोडी मिनिटं वर टाकायची असतात. त्या खोलीत त्यांना 'पदरची मिनिटं' म्हणत. मोठे साहेब नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजावत, "लोकांना लवकर पोचायचं नसतं रे. लोकांना आपण सांगितलेलं खरं झालेलं बघायचं असतं." बाकीचे पदरची मिनिटं जपून टाकत, कारण प्रत्येक मिनिटाला कंपनीचे पैसे जात. तो मात्र सढळ हातानं टाकायचा. त्याला ऑफिसात 'सव्वापट' म्हणत. सव्वापट, जेवायला कधी जायचं? सव्वापट, तुझं लग्न किती वर्षं टिकेल? तोही हसायचा. चिडवण्यात काही वाईट नव्हतं, आणि त्याच्या मार्गांवरची विमानं कधी उशिरा येत नसत, ह्याचा त्याला मनातून अभिमान होता.

विमान वळलं, थोडं पुढं गेलं आणि मध्येच उभं राहिलं. पुढून वैमानिकाचा आवाज आला, आपल्या जागेवर अजून आधीचं विमान उभं आहे, ते निघेपर्यंत थोडं थांबावं लागेल. लोकांचा मघाचा आनंद ओसरला. अर्धवट उठलेले परत बसले, कुणीतरी वरच्या कप्प्यातून काढलेली बॅग मांडीवर घेऊन बसलं. असं होणार हेही त्याला माहीत होतं. लवकर आलेल्याला जागा रिकामी नसते, हे त्या खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त ते छापत नसत. त्यानं फोन सुरू केला. ताईचा काही निरोप नव्हता. सव्वातीन होत आले होते. 

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या ताईचा फोन आला होता. बाबांच्या फुप्फुसांचं कळून आता वर्ष होत आलं होतं. त्यामुळे ताईचा फोन आला की आधी काळजात धस्स व्हायचं, आणि मग ती गोळ्यांची नाहीतर कामवाल्या बाईची काहीतरी गोष्ट सांगायची. आज तिनं गोष्ट सांगितली नाही. "बाबांना रात्रीपासून श्वास पुरत नाहीये," ती म्हणाली. "बसवत नाही, आडवं होववत नाही. डॉक्टर म्हणतात, झोपेचं औषध सुरू करू, त्रास थांबेल. पण एकदा ते दिलं की मग बाबा परत बोलायचे नाहीत. बाबा नको म्हणतायत. आधी त्याला येऊ दे म्हणतात. तू किती वाजेपर्यंत पोचशील? नक्की सांग, मला त्यांना सांगायचंय." त्याच्या डोक्यात हिशेब झाला तो एका क्षणात झाला, कारण आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? दीडचं विमान. तीन-सव्वातीनला जमीन. जागा मिळून बाहेर पडायला पाऊण तास. दुपारच्या वेळी पूल मोकळा, अर्धा तास. साडेचार. साडेचारला आपण दवाखान्यात, बाबांच्या खोलीत. हे त्याला स्वच्छ दिसलं, तिथलं दारसुद्धा दिसलं. आणि मग त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून शब्द आला, "सात." "सात?" ताईनं विचारलं. "सात धर," तो पुन्हा म्हणाला. "सात," ताई म्हणाली, "बरं. सात सांगते त्यांना."

इतकी मिनिटं त्यानंसुद्धा आजवर कधी टाकली नव्हती. एरवी तो घरी तासभर टाकायचा. आज काय झालं होतं? विमान सुटलंच नाही तर, पुलावर गाडी बंद पडली तर, दवाखान्याची लिफ्ट चालू नसली तर. प्रत्येक 'तर'ला त्यानं थोडं थोडं दिलं होतं, आणि सगळ्यांना देऊन झाल्यावर जे उरलं ते भीतीला दिलं. पाचला येतो म्हणावं आणि पाचला येऊ नये, आणि त्या मधल्या वेळात बाबांनी एकेक श्वास ओढत दाराकडे बघत बसावं, हे त्याला सहन होण्यातलं नव्हतं. निदान त्या क्षणी त्यानं स्वतःला असंच सांगितलं.

त्याला आठवत होतं हे सगळं कुठून सुरू झालं ते. विशीत होता, शिकायला परगावी होता, सुट्टीला घरी निघताना फोनवर म्हणाला होता की रात्री नऊला पोचतो. वाटेत बस बिघडली. दुसरी बस येईपर्यंत लोक रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि तो गावात पोचला तेव्हा उजाडायला आलं होतं. बाबा स्टँडवर उभे होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरातली पाळी संपवून ते थेट तिथं आले होते, कामाचे कपडे तसेच, डबा हातात तसाच. बाकडं होतं, पण बसले नव्हते. बसलं की बस कुठल्या बाजूनं येते ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्रीच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला आणि पुढं पंधरा दिवस ते तापानं पडून होते. आई तेव्हा होती. ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. ती गॅसपाशी उभी होती, पाठमोरी, आणि म्हणाली, "नीट हिशेब करून सांगत जा रे. तुझ्या एका शब्दावर तो माणूस उभा राहतो."

तेव्हापासून तो हिशेब करून सांगायला लागला. आधी अर्धा तास टाकायचा, मग तास. आणि त्याचा एक फायदा असा की बाबा कधीच त्याची वाट बघताना सापडायचे नाहीत. दार उघडायचं तेव्हा ते पेपर वाचत असायचे नाहीतर बनियनवर असायचे, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की वाटावं, ह्या माणसाला आपण ह्यापेक्षा अधिक काय देणार? शेजारपाजारी ते सांगायचे, आमचा मुलगा आला की धावत येतो, टॅक्सीवाल्याला बसू देत नाही. त्याला ते ऐकून बरं वाटायचं. हे प्रेमच आहे असं तो पुष्कळ वर्षं समजत आला. आणि प्रेम त्यात नव्हतं असं नाही. पण हळूहळू, वयाबरोबर केस विरळ होतात तसं हेही त्याच्या लक्षात येत गेलं होतं की बाबांचा चेहरा हे एक झालं, त्याहून मोठं सुख दुसरंच होतं. आपल्याला कुणी काही म्हणू शकत नाही हे ते सुख. उशीर आपल्या नावावर लागत नाही. जगातला प्रत्येक उशीर कुणा ना कुणाच्या नावावर लागतो आणि आपण मात्र कोरे राहतो. हे कळल्यावरही त्यानं सवय सोडली नाही. सोडायची कशाला, एव्हाना तिच्यावर पोट चाललं होतं.

बायकोनं हे पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं होतं. तिच्याशी भांडण झालं की ती म्हणायची, तू सात म्हणालास की मी साडेपाच समजते, आणि तू मला आवडतेस म्हणालास की त्यातूनही थोडं वजा करते. आज तो बॅग भरायला घरी आला तेव्हा ती ऑफिसला निघता निघता थांबली होती. तिनं त्याचे दोन सदरे घडी करून दिले आणि विचारलं, "ताईंना किती सांगितलंस?" तो म्हणाला, "सात." तिचे हात थांबले. "दीडच्या विमानानं सात?" ती म्हणाली. "अरे, आज तरी खरी वेळ सांग. ते जीव धरून बसलेत. आण तो फोन, मी सांगते त्यांना." त्यानं फोन दिला नाही. "विमानतळावरून सांगतो," तो म्हणाला. "विमान सुटायची खात्री झाली की सांगतो." विमानतळावर खात्री झाली नाही. रांग होती, मग तपासणी होती, मग विमानात चढायचं होतं. चढल्यावर दारं बंद झाली, आणि दारं बंद झाल्यावरसुद्धा विमान हललं नव्हतं, तेव्हा खात्री कशी म्हणायची? मग फोन बंद करा म्हणाले. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं हे त्याला आता, ह्या मध्येच उभ्या राहिलेल्या विमानात, अगदी नीट आठवलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं ताईचा निरोपाचा रकाना उघडला. 'उतरलोय' असं लिहिलं. पुढं 'साडेचारपर्यंत येतो' असं लिहिलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला आणि खिडकीतून पाहिलं. त्यांच्या जागेवरचं विमान अजून तिथंच होतं, त्याच्या पोटात कुणीतरी सावकाश पेट्या चढवत होतं. हे किती वेळ चालेल? आणि पूल? पुलावर गर्दी असली तर? आता साडेचार म्हणायचं, बाबांना ताई सांगणार, बाबा घड्याळाकडे बघणार, आणि आपण पुलावर. त्यानं 'साडेचारपर्यंत येतो' खोडलं. नुसतं 'उतरलोय' राहिलं. पण उतरलोय म्हटल्यावर ती विचारणारच, मग कधी येतोस? त्यानं तेही खोडलं. बाहेर पडलो की एकदम फोन करू, टॅक्सीत बसलो की, पूल ओलांडला की. शेजारच्या गृहस्थानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "घ्या. मिळालेलं सगळं इथंच बसून घालवा." त्यानं फोन खिशात टाकला. साडेतीन वाजले, मग तीन पस्तीस झाले, आणि विमान हललं.

नंतर सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत की त्याला घाम फुटला. टॅक्सी दारातच उभी होती. पूल रिकामा होता, नदीवरून वारा येत होता, सिग्नल लागला तोही हिरवा. ड्रायव्हर गप्पिष्ट होता, म्हणाला, "साहेब, नशीब काढलंत. काल ह्याच वेळेला इथं दीड तास अडकलो होतो." त्याला वाटलं, आज का नाही अडकलो. आत्ता जर गाडी पुलावर अडकली असती, दीड तास, दोन तास, तर सगळं जुळून आलं असतं, सात हे सात झालं असतं. बाप तिकडं श्वास मोजतोय आणि आपण गर्दी मागतोय, हे लक्षात आल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. फोन खिशात होता. पूल ओलांडून झाला होता. आता पाच मिनिटांवर तर आलो, आता फोन कशाला, सरळ समोर जाऊनच उभं राहावं. बाबांचा चेहरा तेवढा फुलेल. लिफ्ट चालू होती आणि रिकामी होती.

खोलीत ताई पलंगाच्या बाजूला स्टुलावर बसली होती, एका हातात फोन आणि मांडीवर पर्स. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "तू?" ती म्हणाली. "सात म्हणाला होतास."

"विमान लवकर उतरलं," तो म्हणाला.

बाबा उंच केलेल्या उशांवर होते. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, कपाळावरच्या आठ्या कुणी हातानं पुसून टाकाव्यात तशा गेलेल्या. वर्षभरात त्यानं त्यांना इतकं आरामात पाहिलं नव्हतं. छाती वर यायची, खाली जायची, आणि मग बराच वेळ काही व्हायचं नाही. त्याला विचारायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं, "कधी?"

"साडेतीन, पावणेचार झाले असतील," ताई म्हणाली. ती हळू बोलत होती, बाबा जागे होतील अशा धास्तीनं. "डॉक्टर सकाळपासून दोनदा येऊन गेले. बाबा नाहीच म्हणत होते. एकेक शब्द बोलायला त्रास, तरी म्हणाले, सात म्हणाला म्हणजे सहाला येतोय तो, मला त्याचं माहीत आहे. सहापर्यंत काढतो. मग तीनला मला विचारलं, किती वाजले. मी सांगितलं. तर नुसतं छताकडे बघत राहिले. म्हणाले, अजून तीन तास. नाही गं होत." ती थांबली. तिनं पर्सच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "मी म्हटलं, बाबा, थोडं थांबा ना. तर म्हणाले, तासाभराचं असतं तर थांबलो असतो."

तो पलंगाची कड धरून उभा होता. लोखंड गार होतं.

"मला खोटं बोलायला हवं होतं रे," ताई म्हणाली. "आत्ता येतोय, तासाभरात पोचतोय, असं ठोकून द्यायला हवं होतं. थांबले असते ते. तू आलासच की. पण मला सुचलं नाही. मी वेड्यासारखी खरं बोलत बसले आणि मग कागदावर सही केली. फोन हातात घेऊन बसले होते, म्हटलं तुला विचारावं. पण तुला कुठं लागणार, तू हवेत." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, फोन धरलेल्या हाताचं मनगट तोंडावर दाबून.

त्याला करायचं काहीच नव्हतं. सगळं आपोआप झालं होतं. विमान लवकर उतरलं, हे सगळ्या विमानानं ऐकलं होतं, हवाई सुंदरीनं सांगितलं होतं, ते कुणीही तपासून पाहावं. ताईच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, तुझी काही चूक नाही, कुणाला माहीत होतं. एवढं एक वाक्य. वेळ मारून न्यायला त्याच्याइतका तयार माणूस ह्या खोलीत कशाला, ह्या शहरात सापडला नसता. आणि मग ताई उरलेलं सगळं आयुष्य, भांडी विसळताना, रांगेत उभी असताना, नातवंडांना झोपवताना, मनाशी म्हणत राहील की मला खोटं सुचलं नाही. तो तिच्या बोटाला गुंडाळलेल्या दोऱ्याकडे बघत होता. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. त्याला तिची दया आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, आणि दोन्हींतलं कुठलं आधी बोललं हे त्याला पुढंही कधी कळलं नाही.

"ताई, मला साडेचार माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मी साडेचारला इथं येणार हे. सकाळी तुझा फोन आला तेव्हाच."

ती रडायची थांबली. तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि ते कळत जाताना त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मग सात का म्हणालास?"

"उशीर झाला असता तर..."

"तर काय?"

त्यानं उत्तर शोधलं. वारा होता, पूल होता, लिफ्ट होती. बाबांना वाट बघायला लागू नये म्हणून, हे होतं. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही त्याला ह्या खोलीत उच्चारता आलं नाही. "तर माझ्यामुळे झालं असतं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही म्हणाला असता की..."

"कोण काय म्हणणार होतं तुला?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं आणि ती विचारत होती.  तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली, उठली. बाबांच्या अंगावरचं पांघरूण छातीपर्यंत ओढून नीट केलं. "मी येते जरा बाहेर जाऊन," ती म्हणाली.

"कधी येशील?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

स्टूल अजून ऊबदार होतं. तो बसला आणि त्यानं बाबांचा हात हातात घेतला. पंपघरातल्या चाकांनी घट्टे पडलेला तो तळवा आता मऊ झाला होता, आणि त्याच्या धरण्याला काही उत्तर येत नव्हतं. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बाबा, मी आलोय." छाती खाली गेली. त्यानं वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी चाकाची खुर्ची ढकलत नेल्याचा आवाज आला, तो लांब गेला, संपला. छाती वर आली. "बाबा," तो परत म्हणाला, आणि पुढं काय सांगायचं ते ठरत नसताना छाती पुन्हा खाली गेली होती.